धागा: केळीच्या खोडातला कार्बन आणि गावच्या आरओचं मेम्ब्रेन

पीलबाग

मंडळी, जरा लांबण लागेल, पण हा विषय दोन ओळींत मावणारा नाही.

आमचं गाव रावेर तालुक्यात. घरी केळी, थोडी मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली) आणि बाकी पीलबाग (जुन्या झाडाच्या फुटव्यावर घेतलेली). मी बाहेरगावी एका प्रयोगशाळेत पाणी गाळायच्या मेम्ब्रेनवर काम शिकतोय. मागच्या आठवड्यात घरी आलो तर गावच्या आरओ प्लांटला कुलूप. नवीन मेम्ब्रेन टाकून नऊ महिनेही झाले नव्हते, आणि पाण्याची धार निम्म्यावर आली होती. आईने परत जार लावलाय. त्याच संध्याकाळी शेतात गेलो. घड कापून झालेल्या बागेत खोडं आडवी पडून सडत होती. तेव्हापासून या दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत, कारण मी जे काम शिकतोय ते नेमकं या दोघींच्या मधलं आहे.

आरओचं मेम्ब्रेन म्हणजे नळकांड्यात गुंडाळलेली चटई समजा. खाली पॉलिस्टरचं कापड, त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर, आणि सगळ्यात वर पॉलिअमाइडचा थर. मीठ अडवण्याचं काम हा वरचा थर करतो, आणि त्याची जाडी १०० ते २०० नॅनोमीटर. डोक्याच्या केसाच्या जाडीचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. या थराची अडचण जुनीच आहे. मोकळा केला की पाणी भरपूर येतं, पण मीठही येतं. घट्ट केला की मीठ अडतं, पण पंपाला जोर लागतो. शिवाय त्यावर चिकट घाण बसते ती वेगळी.

२००७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात या थरात झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे नॅनोकण मिसळून पाहिले. मीठ अडण्यात फारसा फरक न पडता पाणी वाढलं. तेव्हापासून जगभर लोक या थरात काही ना काही मिसळून पाहतायत: कार्बन नॅनोट्यूब, ग्राफीन ऑक्साइड, आणि अलीकडे कार्बन डॉट. कार्बन डॉट म्हणजे १० नॅनोमीटरपेक्षाही लहान कार्बनचे कण. २००४ मध्ये अमेरिकेत नॅनोट्यूबची काजळी शुद्ध करताना ते अवचित हाती लागले. पुढे २००७ मध्ये तर साध्या मेणबत्तीच्या काजळीतूनही ते काढून दाखवले गेले. अतिनील दिवा धरला की हे कण निळे चमकतात. आणि आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ते झाडापाल्यातून बनतात. रस किंवा भुकटी पाण्यात घालून, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या बंद स्टीलच्या भांड्यात १५० ते २०० अंशांवर काही तास ठेवायची. २०१३ साली आसामच्या तेजपूर विद्यापीठाने चक्क केळीच्या रसापासून ते बनवले होते.

या कणांच्या अंगावर हायड्रॉक्सिल आणि कार्बोक्सिल गट असतात, ते पाण्याला धरून ठेवतात. मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर पाण्याची पातळ साय धरल्यासारखी होते आणि तेलकट, चिकट पदार्थ टेकायला जागा मिळत नाही. शिवाय कण आणि पॉलिअमाइड यांच्या सांध्यातून पाण्याला जास्तीची वाट मिळते.

तर मला विचारायचंय की आपल्या खोडापासून असे कण करून आपल्याच गावच्या पाण्यासाठी मेम्ब्रेन सुधारता येईल का? आणि मी कुठे चुकतोय? शेतकरी, प्लांट चालवणारे, शिकवणारे, सगळ्यांनी लिहा.

अनेरकाठ

भाऊ, मी चोपडा तालुक्यातला. विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो.

पाच बाय पाचवर लावली तर हेक्टरी ४४४४ झाडं. एका झाडाला एकदाच घड, म्हणजे पीलबागेचा फुटवा सोडला तर तेवढीच खोडं दरवर्षी पडणार. पण एक लक्षात घे, खोडात दहातले नऊ भाग पाणीच असतं. वाहून न्यायचं म्हणजे ट्रॅक्टरने पाणी वाहायचं. आणि खोड सडतं म्हणजे वाया जातं असं नाही. केळी पालाश खाणारं पीक, त्यातला बराच पालाश खोडात असतो. आम्ही खोडाचे तुकडे करून सरीत टाकतो, ते जमिनीलाच परत मिळतं. धागा काढायची यंत्रं आली, काहींनी घेतलीही. तुझ्या या कणांसाठी किती खोडं लागतील? दहा ट्रॉल्या म्हणालास तर एक हिशोब, हजार म्हणालास तर वेगळा.

पांझरा

मी धुळ्याला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. अनेरकाठ यांनी विचारलंय त्याचं उत्तर कागदावर काढता येतं, आणि ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गावच्या प्लांटला सहसा ४०४० मेम्ब्रेन असतं, चार इंच व्यास, चाळीस इंच लांब. उलगडून पसरलं तर साधारण ८ चौरस मीटर. वरचा थर २०० नॅनोमीटर धरू. गुणाकार केला की १.६ घन सेंटीमीटर. म्हणजे मीठ अडवणारा सगळा माल दोन ग्रॅमच्या आसपास. त्यात एक टक्का कार्बन डॉट घातले, आणि बहुतेक प्रयोगांत त्याहून कमीच घालतात, तर २० मिलिग्रॅम. बनवताना वाया जाईल म्हणून दहापट धरा, तरी २०० मिलिग्रॅम. मोहरीच्या शंभरेक दाण्यांचं वजन.

एका खोडात कित्येक मेम्ब्रेनचा कार्बन निघेल. तेव्हा पीलबाग, यातून केळीच्या अवशेषांचा प्रश्न सुटेल असं कुठेही लिहू नकोस. तो सुटणार नाही, आणि सुटायला हवा असंही नाही, खोड जमिनीत जाऊ दे. तुझं काम मेम्ब्रेन सुधारण्याचं आहे. ते एवढंच असलं तरी मोठं आहे.

जाता जाता एक आठवण, कारण खान्देशातल्या मुलाला ती माहीत असावी. आरओचं पहिलं उपयोगी पडणारं मेम्ब्रेन १९६० च्या सुमारास त्याच लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी केलं. ते सेल्युलोज ॲसिटेटचं होतं. सेल्युलोज ॲसिटेट कशापासून होतं? लाकडाच्या लगद्यापासून, नाहीतर सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून. म्हणजे हा सगळा उद्योग मुळात झाडाच्या कार्बनवरच उभा राहिला. पॉलिअमाइड नंतर, १९७० च्या दशकात आलं, आणि त्याने मीठ जास्त चांगलं अडवलं म्हणून ते टिकलं. पण एका बाबतीत जुनं सेल्युलोज ॲसिटेट बरं होतं, ते थोडंफार क्लोरीन सोसतं. पॉलिअमाइडला क्लोरीन सोसत नाही.

गिरणाकाठ

सर, शेवटच्या ओळीवरच बोलतो. मी भडगाव तालुक्यात गावचा प्लांट चालवतो, तासाला ५०० लिटरचा, दोन मेम्ब्रेन एकामागोमाग.

टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, पडते. कधी चमचाभर, कधी कोणी डबाभर ओततं. ते क्लोरीन मेम्ब्रेनपर्यंत जाऊ नये म्हणून आधी कार्बनचा फिल्टर असतो, त्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा. तो कोळसा वेळेवर बदलला नाही की क्लोरीन पुढे जातं आणि मेम्ब्रेन आतून फाटल्यासारखं होतं. तेव्हा पाणी कमी होत नाही, उलट वाढतं, आणि टीडीएसही, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षारही, वाढतात. लोक म्हणतात वा, धार वाढली!

पीलबागच्या गावात धार कमी झाली आहे. तो क्लोरीनचा रोग नाही. एक तर क्षार बसले, नाहीतर शेवाळासारखी घाण. माझ्या अनुभवात आपल्याकडे क्षारच जास्त. बोअरचं पाणी चहाच्या भांड्याला पांढरं करतं, ते मेम्ब्रेनला सोडेल का? आणि त्यात आमचीही चूक असते, ती सांगतो. उन्हाळ्यात बोअर आटतो. रिजेक्टचं, म्हणजे अडलेले क्षार घेऊन बाहेर पडणारं पाणी गटारात जाताना बघवत नाही, लोक बोलतात. मग आम्ही रिजेक्टचा कॉक आवळतो. मीही आवळलाय. तेव्हा वाटलं पाणी वाचवलं.

पांझरा

गिरणाकाठ, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कॉक आवळल्यावर काय होतं ते सगळ्यांसाठी मांडतो.

शंभर लिटर पाण्यातलं ५० लिटर गोडं काढलं तर उरलेल्या ५० लिटरमध्ये सगळा क्षार, म्हणजे दुप्पट दाट. ७५ लिटर काढलं तर उरलेल्या २५ मध्ये चौपट दाट. आपलं पाणी मुळातच कठीण असलं की चौपटीला कॅल्शियम कार्बोनेट विरघळून राहूच शकत नाही, ते मेम्ब्रेनवरच दगड होऊन बसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची चांगली मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. या वरच्या मर्यादेजवळचं पाणी चौपट केलं तर काय होईल याचा विचार करा.

निवळी

मी शहाद्याजवळ शाळेत शिकवते. शाळेलाही फिल्टर आहे म्हणून हा धागा वाचतेय. नाव बघून कोणी विचारायच्या आधीच सांगते, आमच्या आजी गढूळ पाण्याच्या माठात निवळीचं बी उगाळून घालायच्या. गाळ तळाशी बसायचा. झाडाने पाणी साफ होतं यात मला नवल वाटत नाही.

मला वेगळीच काळजी आहे. हे कण इतके बारीक, आणि पाण्यात विरघळणारे. उद्या मेम्ब्रेनमधून सुटून मुलांच्या ग्लासात आले तर? वनस्पतीपासून केलंय म्हणून ते पोटात गेलेलं चालतं असं होत नाही ना. धोतराही वनस्पतीच आहे.

पीलबाग

ताई, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता.

कण नुसते मिसळून ठेवले तर सुटू शकतात. म्हणून ते थराला रासायनिक गाठीने बांधावे लागतात. पॉलिअमाइडचा थर बनतो तो दोन द्रावणं एकमेकांना भेटतात त्या सीमेवर. पाण्यात एमपीडी नावाचं अमाइन (नत्र असलेलं रसायन), वर तेलकट द्रावणात टीएमसी हे दुसरं रसायन. दोघं भेटले की काही सेकंदांत पापुद्रा धरतो. कणांच्या अंगावर अमाइन गट असतील तर टीएमसी त्यांनाही तसंच पकडतं आणि कण थराचाच भाग होतात. केळीच्या रसात नत्र कमी, म्हणून कण करताना त्यात युरियासारखं काही घालावं लागतं.

आणि तपासायला एक सोय आहे. हे कण चमकतात. शुद्ध पाणी मेम्ब्रेनमधून कित्येक दिवस फिरवत राहायचं आणि गाळलेल्या पाण्यातली चमक उपकरणाने मोजायची. बोअरचं पाणी यासाठी चालत नाही, कारण कुजलेल्या पाल्याचे अंशही थोडे चमकतात. पण शुद्ध पाण्यावर चमक दिसली तर ते मेम्ब्रेन घरात न्यायचं नाही. एवढ्यानेही पोटात गेल्यास काय होतं ते कळत नाही, ते वेगळं तपासावं लागतं. तोवर मी स्वतः असं पाणी कुणाला पाजणार नाही.

अनेरकाठ दादा, सरांचा हिशोब वाचून मी खोडांच्या ट्रॉल्यांचा विचार सोडला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं, त्या सडणाऱ्या बागेवरूनच मी सुरुवात केली होती. पण आकडा आकडा आहे.

अनेरकाठ

वाईट कशाला वाटून घेतोस. गिरणाकाठ म्हणाले ना, करवंटीचा कोळसा लागतो. तो किलोने लागतो, मिलिग्रॅमने नाही. मग आपली पऱ्हाटी, कपाशीच्या वाळक्या काड्या? फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर परत घेतलेलं पीक) न घेता कपाशी उपटली की ढीग पडतो. निम्मी चुलीत, निम्मी बांधावर पेटवतो.

पांझरा

अनेरकाठ, पऱ्हाटीपासून सक्रिय कोळसा होतो, त्यावर भरपूर काम झालेलं आहे. हवा बंद ठेवून जाळायची आणि मग वाफेने किंवा रसायनाने त्याची भोकं उघडायची. फक्त करवंटीचा कोळसा कठीण असतो, फिल्टर उलटा धुताना त्याचा चुरा होत नाही. पऱ्हाटीचा मऊ पडेल, त्याच्या गोळ्या बांधाव्या लागतील. जमण्यासारखं आहे. ट्रॉल्यांचा हिशोब तिथे लागू पडतो.

आता पीलबागला एक कठीण गोष्ट सांगतो. कार्बोक्सिल गट घाण दूर ठेवतात हे बरोबर, कारण त्यांच्यावर ऋण भार असतो आणि घाणीवरही ऋण भार. पण कॅल्शियम दुहेरी धन भाराचा. तो एक हात मेम्ब्रेनच्या कार्बोक्सिलला देतो, दुसरा घाणीच्या कार्बोक्सिलला, आणि दोघांना जोडून टाकतो. म्हणजे जो गट प्रयोगशाळेत रक्षण करतो, तोच आपल्या कठीण पाण्यात चिकटायला जागा देऊ शकतो. बरेचसे शोधनिबंध ऊर्ध्वपातित पाण्यात साधं मीठ घालून चाचणी करतात, त्यात कॅल्शियम नसतोच. तुझं मेम्ब्रेन तिथे उत्तम ठरेल आणि रावेरला नापास होईल.

म्हणून आधी रोग ओळख. जुनं मेम्ब्रेन कोणाकडे असेल तर ते चिरून बघा.

गिरणाकाठ

सर, चिरलं.

दोन्ही मेम्ब्रेन मागच्या दिवाळीला काढलेली पडून होती. लोखंडाच्या करवतीने वरचं फायबरचं आवरण कापलं, पानं उलगडून ओट्यावर पसरली. दुसरं मेम्ब्रेन, म्हणजे जिथून रिजेक्ट बाहेर पडतं ते, शेवटच्या टोकाला हाताला खरखरीत लागतं, जाळीत पांढरी कणी अडकलेली. त्यावर आम्ही धुण्याला वापरतो ते सायट्रिक ॲसिड पाण्यात कालवून थेंब टाकला. फसफसलं. पोराने पण पाहिलं.

पण पहिल्या मेम्ब्रेनचं तोंड बघून मला धक्का बसला. तिथे खरखर नाही, तपकिरी बुळबुळीत थर. बोटाने निघतो, वास येतो. ॲसिडने काही होत नाही. मी इतकी वर्षं फक्त ॲसिडने धूत आलो. हा थर कुठून आला? आधी क्लोरीन असतं की पाण्यात.

पीलबाग

गिरणाकाठ दादा, तुम्ही एका दुपारी जे केलंत ते मला फार शिकवून गेलं.

क्लोरीन कार्बन फिल्टरमध्ये संपतं. म्हणजे फिल्टरच्या पुढे पाण्यात जंतू मारणारं काहीच उरत नाही. कोळशाच्या भोकांत जंतूंना घर मिळतं, खायला सेंद्रिय अंश मिळतात, ते तिथे वाढतात आणि पुढे पहिल्या मेम्ब्रेनच्या तोंडावर जाऊन बसतात. त्यांचा बुळबुळीत थर ॲसिडला दाद देत नाही, त्याला आधी अल्कलीने धुवावं लागतं, मग ॲसिडने. नेमका कोणता अल्कली आणि किती, ते मेम्ब्रेनच्या कंपनीच्या पत्रकात असतं, त्याबाहेर जाऊ नका.

म्हणजे तोंडाशी जंतूंचा थर आणि शेपटाला दगड, असे दोन वेगळे रोग आहेत. कार्बन डॉटचा उपयोग झाला तर पहिल्या रोगावर होईल. शेपटाच्या दगडावर कॉक सैल ठेवणं आणि क्षार बसू न देणारं औषध, हाच इलाज. मी धाग्याच्या सुरुवातीला दोन्ही एकच समजलो होतो.

एरंडोली

भाऊ, आम्हना गावमा बी हाईच शे. मेम्ब्रेन बदली बदली थकी गयात. पुढे काय व्हयनं ते आठे लिखज्यात.

निवळी

माझी एक विनंती. पूर्णेकडच्या मुक्ताईनगरच्या बाजूचं, तापीकाठच्या रावेर-यावलचं, गिरणेचं आणि आमच्या सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी एकसारखं नाही. एका गावावर चाचणी करून खान्देशाचं झालं म्हणू नका.

पीलबाग

ताई, म्हणूनच आता सगळ्यांकडून पाणी मागतोय. आमच्या मार्गदर्शकांशी बोलणं झालं. त्यांनी होकार दिलाय, फक्त अट घातली की साधं मेम्ब्रेन आणि कण घातलेलं मेम्ब्रेन, दोन्ही एकाच पाण्यावर, शेजारी शेजारी चालवायची. मिठाच्या पाण्यावर आधी, मग तुमच्या पाण्यावर. कणांचे दोन प्रकार करणार आहे, एक नुसत्या खोडाच्या रसाचा, दुसरा युरिया घालून अमाइन वाढवलेला. सरांनी सांगितलेला कॅल्शियमचा पूल पहिल्यात जास्त बांधला जातो का ते त्यात दिसेल. दुसऱ्याचंही भय आहे, अमाइनचा धन भार ऋण भाराच्या घाणीला ओढून घेऊ शकतो. जे येईल ते इथेच लिहीन, बिघडलं तरी.

गिरणाकाठ दादा, त्या पहिल्या मेम्ब्रेनचं तळहाताएवढं पान ओलं असतानाच झाकणाच्या डब्यात घालून बर्फावर ठेवता येईल का? वाळलं की त्या थराचं काही कळत नाही.

आणि पाणी देणाऱ्यांसाठी: बोअर दहा मिनिटं चालू ठेवून मग भरा, पाइपात साचलेलं पाणी नको. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. गळ्यापर्यंत, हवेचा बुडबुडा न ठेवता, काठोकाठ भरा आणि लगेच बूच घट्ट लावा. हवा राहिली तर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि कॅल्शियम बाटलीतच खाली बसतो, मग मोजायला काही उरत नाही. बाटलीवर गाव, बोअरची खोली आणि भरल्याची वेळ लिहा. टीसीएल टाकायच्या आधीचं पाणी हवंय. रविवारी सकाळी मी सावद्याहून निघणार आहे, भुसावळपर्यंत वाटेत कोणाचं असेल तर घेत जाईन.

गिरणाकाठ

पान ठेवलंय. पाणी आज रात्री भरतो. बोअर १८० फूट. कॉक सकाळीच सैल केला.